शलाकाचा हिरवा दिवा

डॉ. संग्राम जाचकच्या मनगटावरच्या पट्ट्यातला दिवा लाल झाला आणि चौघांची बैठक पुन्हा एकदा थांबली.

"चहा घेऊया," ॲडव्होकेट निलोफर मुजावर म्हणाल्या. त्यांच्या साताऱ्यातल्या चेंबरमध्ये या वाक्याचा चहाशी फारसा संबंध नसे. डॉक्टर, बाहेर जा, व्हरांड्यात फेऱ्या मारा आणि दिवा हिरवा होईपर्यंत तोंड उघडू नका, एवढं सगळं त्या दोन शब्दांत बसवत.

संग्राम उठला तसा खुर्चीचा आवाज झाला. तो जनावरांचा डॉक्टर. कोरेगाव रस्त्यावर त्याचा दवाखाना होता आणि हाताला गुण होता, पण तालुक्यात नाव झालं ते आवाजामुळे. बसलेला बैल उठवायचा असला की जाचक डॉक्टर इंजेक्शनच्या आधी नुसतं ओरडून बघतात, अशी त्याची चेष्टा होई आणि ती त्याला आवडायची. बायकोवर आपण कधी हात उचलला नाही, हेही तो छाती पुढे काढून सांगे. दारं आपटली, ताटं सरकवली, घर दणाणून सोडलं, त्याचा हिशेब त्याच्या लेखी नव्हताच.

टेबलाच्या पलीकडे शलाका बसली होती. तिच्या मनगटावरचा दिवा हिरवा होता. पहिल्या बैठकीपासून तो एकदाही हिरव्याचा दुसरा काही झाला नव्हता.

हा पट्टा म्हणजे 'समचित्त'. त्याच्यामागचं शास्त्र तसं जुनंच. माणूस भडकला की रक्तात ॲड्रेनालिन उसळतं, नाडी पळायला लागते, आणि कपाळामागचा मेंदूचा जो भाग साधकबाधक विचार करतो त्याला अंगातली धावपळ बाजूला सारते. शब्द कानावर पडतात, अर्थ आत शिरत नाही. समोरच्याने 'बरं' म्हटलं तरी टोमणा वाटतो. ही लाट ओसरायला वेळ लागतो, आणि ती ओसरायच्या आत माणसं नेमकी आयुष्यभराची वाक्यं बोलून बसतात. समचित्त हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीचा ओलावा आणि आवाजातला कंप मोजी आणि सांगे, की या घडीला या माणसाला ऐकू येतं आहे आणि ठरवता येतं आहे. मग कायदाही बदलला. संमतीने घटस्फोट घ्यायचा तर करारावरच्या दोन्ही सह्या हिरव्या दिव्याखालीच व्हायला हव्यात, नाहीतर कौटुंबिक न्यायालय करार हातातसुद्धा घेत नसे.

सुरुवातीला लोकांनी यथेच्छ थट्टा केली. पुण्यात 'हिरवे राहायला शिका' असे क्लास निघाले. एका नगरपालिकेत सभासदांनी सभेत पट्टे बांधावेत असा ठराव आला आणि त्याच्यावरच्या गोंधळातच तो बारगळला. पण ज्या भांडणांत पोरं कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून मोठी होत, ती भांडणं आता एका उन्हाळ्यात मिटायला लागली. थट्टा करणारे हळूहळू गप्प झाले. यंत्राने खरंच भलं केलं होतं आणि ते मान्य करायला हवं.

निलोफर मॅडमचं वेगळेपण असं, की यंत्र यायच्या पुष्कळ आधीपासून त्या हेच करत होत्या. वकिलीची पहिली वर्षं त्यांनी इतरांसारखीच खटले जिंकण्यात घालवली आणि मग जिंकलेल्या अशिलांची घरं बघून त्यांचं मन उडालं. तेव्हापासून त्या फक्त टेबलाभोवतीच्या केसेस घेत. नवरा, बायको आणि दोघांचे दोन वकील. चौघांनी आधीच लिहून द्यायचं, की बोलणी मोडली तर हे दोन्ही वकील बाजूला होतील आणि कोर्टात ही केस लढवणार नाहीत. त्यामुळे भांडण लांबवण्यात वकिलाला काडीचा रस उरत नसे. साताऱ्याच्या बार रूममध्ये लोक हसायचे. पण त्याच हसणाऱ्यांच्या घरात कुणाचं बिनसलं की ते गुपचूप मॅडमचा जिना चढायचे.

संग्राम पहिल्यांदा आला तो तणतणतच.

"मॅडम, मला तिला धडा शिकवायचाय."

"मग शाळा काढा. इथे कशाला आलात?"

संग्रामला असं कुणी बोलत नसे.

"मला एक सांगा डॉक्टर," मॅडमनी विचारलं, "सगळं संपल्यावर तुमच्या मुलीला ताप आला, तर तिच्या आईला फोन कोण करणार?"

"मी करीन की."

"मग फोन उचलला जाईल, एवढं तरी आपल्याला शिल्लक ठेवायला हवं."

त्या एका वाक्यावर संग्रामने त्यांना वकील केलं. तो तापट होता, पण मूर्ख नव्हता.

मुलीचं नाव जुई, चौथीत शिकत होती. शलाकाला कोल्हापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्राची नोकरी लागली, ती एकटीच तिकडे निघून गेली आणि संसार तिथेच थांबला. तसे तडे जायला लागून कैक वर्षं झाली होती. आता प्रश्न उरला होता एकच, जुई कुणाजवळ राहणार?

"शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. जुई माझ्याजवळच राहील," संग्राम दुसऱ्याच बैठकीत गरजला होता. दिवा लाल, चहा.

तो परत आला तेव्हा शलाका म्हणाली, "चालेल."

"शनिवार-रविवार आईकडे?" तिचे वकील प्रफुल्ल शेंडे यांनी विचारलं. हे सज्जन गृहस्थ. कागद चोख ठेवायचे आणि यंत्रावर त्यांची भारी श्रद्धा.

"दर आठवड्याला पोरीची फरफट नको," संग्राम म्हणाला. "महिन्यातून एकदा ठीक आहे."

"चालेल," शलाका म्हणाली.

शेंड्यांनी तिच्या पट्ट्याकडे पाहिलं. स्वच्छ हिरवा. "माझ्या अशिलासारखी शांत बाई मी पाहिली नाही हो," ते नंतर कौतुकाने म्हणाले.

संग्रामला मात्र तो हिरवा दिवा झोंबत होता. त्या दिवशी व्हरांड्यात तो मॅडमना म्हणाला, "बघितलंत? पोटची पोर द्यायला निघालीय आणि दिवा हिरवाच! माझा बघा, लाल होतोय. कारण मला काहीतरी वाटतंय. तिचं काळीज हललंसुद्धा नाही."

"दिवा कशाचा असतो डॉक्टर?"

"म्हणजे?"

"मायेचा असतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" एवढंच बोलून मॅडम आत गेल्या. त्या संग्रामच्या वकील होत्या. पलीकडच्या बाईसाठी बोलायला शेंडे होते आणि आपल्या अशिलाविरुद्ध दुसऱ्या पक्षाचं वकीलपत्र त्यांना घेता येत नव्हतं. तरी काहीतरी त्यांना टोचत होतं, एवढं संग्रामलाही जाणवलं. त्याने फार विचार केला नाही.

त्याच आठवड्यात एका मेंढपाळाने दवाखान्यात मेंढी आणली. कुत्र्यांनी धरली होती. मांडीला जखम होती, पण फार खोल नव्हती. टेबलावर ठेवली तशी ती पडून राहिली.

"कशी गुणाची हाय बघा," मेंढपाळ म्हणाला. "हूं का चूं न्हाई. शांत पडलीया."

"शांत नाही ती, पाव्हणं," संग्राम म्हणाला. "भ्यालीया. कान धरून बघा, बर्फ झालाय. डोळ्याची पापणी हलंना." त्याने हिरडी दाबली. पांढरी पडली ती लवकर गुलाबी होईना. "नाडी बघाल तर मंद. लोकांना वाटतं, जनावर निवांत आहे. धडपड करतं ते जनावर बरं. हे असं गप्प पडलेलं दगावतं."

जुई शाळेतून येऊन मेंढीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. "बाबा, दुखत असेल तर ती ओरडत का नाही?"

"ओरडून उपयोग नाही, हे तिला कळलंय," संग्राम टाका घालता घालता म्हणाला. त्याने मेंढीला पोत्यात गुंडाळलं, सलाइन लावलं आणि सगळ्यांना बाहेर घालवून स्वतः तिच्याजवळ नुसता बसून राहिला. आश्चर्य म्हणजे जनावरांजवळ त्याचा आवाज आपोआप खाली येई. तासाभराने मेंढीने त्याच्या पोटात सणसणीत लाथ घातली. संग्राम पोट धरून हसला. "वाचली! जुई, लाथ मारली म्हणजे वाचली."

एप्रिलमध्ये सह्यांचा दिवस ठरला. बाहेर ऊन असं, की अजिंक्यताऱ्याकडे बघवत नव्हतं. चेंबरमधला पंखा गरम हवाच फिरवत होता.

निलोफर मॅडमची एक रीत होती. ती कायद्यात कुठे नव्हती, त्यांच्या चेंबरमध्ये होती. सहीआधी नवरा-बायकोने खुर्च्या बदलायच्या आणि एकमेकांचा भाग मोठ्याने वाचायचा. आपण समोरच्याकडून काय कबूल करून घेतलं, ते एकदा आपल्या तोंडून निघू द्यायचं. शेंड्यांना ही रीत म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे, पण मॅडमपुढे ते काय बोलणार?

आधी शलाकाने संग्रामचा भाग वाचला. सरळ, एकसुरी, कुठेही न अडता. दिवा हिरवा.

मग संग्रामने तिचा कागद घेतला. "मी, शलाका, मान्य करते, की माझी मुलगी जुई शाळेच्या सर्व दिवसांत तिच्या वडिलांकडे राहील. मी तिला महिन्यातून एकदा..." तिथे तो अडला. 'मी तिला' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे जुई आली आणि तिला महिन्यातून एकदाच भेटायचं म्हणजे काय, ते त्याला पोटात कळलं. त्याचा दिवा लाल झाला.

"चहा," मॅडम म्हणाल्या.

या वेळी व्हरांड्यात त्याने येरझाऱ्या घातल्या नाहीत. कठड्याला टेकून उभा राहिला. गेल्या कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदाच कशाची तरी बाजू मांडत नव्हता. श्वास खाली बसला, खांदे सैल झाले. आत आला तेव्हा त्याचा दिवा असा हिरवा होता, की शेंड्यांनी टेबलावर थाप मारली.

"दोन्ही हिरवे! अभिनंदन डॉक्टर. चला, उरकून घेऊ."

शेंड्यांनी घाईत पेन संग्रामपुढे सरकवलं. आधी बाईंची सही, असा संकेत होता, म्हणून त्याने ते उचलून शलाकाला दिलं. देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली.

ती बर्फासारखी गार होती.

एप्रिलच्या त्या दुपारी, सगळ्यांच्या कपाळावर घाम असताना, ती बोटं गार होती. संग्रामचा हात तिथेच थांबला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. रागात माणूस दुसऱ्याकडे बघतो पण त्याला काही दिसत नाही. इतके महिने त्याचं तेच झालं होतं. आता अंग शांत होतं आणि दिसत होतं. श्वास वरच्या वर, पापणी हलत नाही, ओठांवरचा रंग गेलेला. पेन धरलेल्या अंगठ्याचं नख दाबानं पांढरं पडलं होतं. हे त्याने रोज पाहिलं होतं. जनावरांत पाहिलं होतं, आणि घरात, आपल्याच स्वयंपाकघरात, अकरा वर्षं पाहिलं होतं. तेव्हा त्याला वाटायचं, हिला काही फरक पडत नाही.

शलाकाने पेन कागदावर टेकवलं.

गप्प राहणं किती सोपं होतं! एक सही, आणि जुई त्याची. कायदा त्याच्या बाजूने, यंत्र त्याच्या बाजूने, खुद्द शलाकाचा वकील त्याच्या बाजूने. आणि तो बोलला तर जुई जाणार, हेही त्याला त्याच क्षणी स्वच्छ कळलं.

"थांब," तो म्हणाला. आवाज दवाखान्यातला होता. "मॅडम, ही सही घेऊ नका."

"का? काय झालं?" शेंडे गोंधळले. "दिवा हिरवा आहे की."

"ही शांत नाहीये. ही भ्यालीय." तो शेंड्यांकडे वळला. "तुमचं यंत्र चिडलेला माणूस ओळखतं. पण भीती हाताबाहेर गेली आणि पळायला वाट नसली, की शरीर दुसरीच युक्ती करतं. नाडी पळण्याऐवजी मंदावते, अंग गार पडतं, आवाजातला कंपसुद्धा जातो. यंत्राला वाटतं, काय निवांत बाई आहे. नाडीचा नुसता वेग बघून नाही चालत. हातपाय बघावे लागतात. आम्ही कान धरून बघतो."

"डॉक्टर," शेंडे हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही तुमच्याच विरुद्ध बोलताय. शिवाय बोलणी मोडली तर आम्हा दोघांनाही केस सोडावी लागेल."

"सोडू," निलोफर मॅडम म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "डॉक्टर, बोला. कुणाला भ्यालीय?"

संग्रामने शलाकाकडे पाहिलं.

"मला," संग्राम म्हणाला.

शलाकाची पापणी हलली.

"मी बाहेर बसतो. व्हरांड्यात नको, खाली, रस्त्यावर. माझा आवाज, माझी सावली काही नको. तुम्ही दोघं तिच्याजवळ बसा. घाई करू नका. गरम काहीतरी प्यायला द्या." हे सगळं तो मेंढपाळाला सांगावं तसं सांगत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

निलोफर मॅडम उठल्या. एवढ्या वर्षांच्या वकिलीत त्यांनी अशिलाला कधी हात जोडले नव्हते. आज दाराशी त्यांनी संग्रामला हात जोडले. "जा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आता पुढचं माझ्याकडे."

खाली रसवंतीच्या बाकावर संग्राम बसून राहिला. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. वर खिडकी उघडी होती, पण काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम आवाज आला. तो शलाकाचा आहे हे समजायला त्याला वेळ लागला, कारण हा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता.

"नाही चालणार! मला हे काहीही चालणार नाही! माझी मुलगी आहे ती!"

"बाई, दिवा लाल झाला, थांबायला हवं," शेंड्यांचा घाबरा आवाज.

"शेंडेसाहेब, आज दिव्याकडे बघायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बोला शलाका. जोरात बोला."

आणि शलाका बोलली. कॉलेजच्या आवारात घेऊन ठेवलेल्या खोलीबद्दल, जुईसाठी बघून ठेवलेल्या शाळेबद्दल, दार आपटलं की घशातच विरणाऱ्या प्रत्येक वाक्याबद्दल. रसवंतीवाल्याने वर बघितलं. रस्त्यावरचे दोघे थबकले. मग जिन्यावर पावलं वाजली आणि ती खाली येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या मनगटावर लालभडक दिवा होता.

"ऐकलंस ना सगळं? कळलं का तुला? की अजून ओरडू?"

तिचा चेहरा तापला होता, गळ्याची शीर ताठ झाली होती. भर रस्त्यात ती त्याला ताडताड बोलत होती आणि संग्राम उभा राहून ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. त्याचा दिवा हिरवा होता.

नवा करार व्हायला आणखी थोड्या बैठका लागल्या. त्या वेगवेगळ्या खोल्यांत बसून झाल्या आणि मॅडम मधून ये-जा करत राहिल्या. बोलणी मोडली नाहीत. जुई आईकडे राहणार, सुट्ट्या आणि एकाआड एक शनिवार-रविवार बाबांकडे, असं ठरलं. सहीआधी शेंड्यांनी स्वतः पुढे होऊन विचारलं, "बाई, हात बघू?" तिचा तळवा ऊबदार होता. मग सह्या झाल्या.

निलोफर मॅडमनी पुढे हे प्रकरण, कुणाचं नाव न घेता, कायदा समितीपुढे मांडलं. बनवणाऱ्यांनी पट्ट्यात बोटांची ऊब मोजायची सोय केली आणि तिसरा, निळा दिवा बसवला. निळा लागला की सही नाही आणि समोरच्या माणसाने खोलीत थांबायचंही नाही. कितीक मुकाट माणसांना त्या निळ्या दिव्याने वाचा दिली असेल, कोण जाणे. लोक त्याचं श्रेय मॅडमना देत. मॅडम म्हणत, ते श्रेय माझ्या एका अशिलाचं. हातची मुलगी गमावून खरं बोलणारा अशील मला एकदाच भेटला.

गमावून म्हणजे काय, ते संग्रामला त्या रिकाम्या घरात रोज कळत होतं. दवाखान्यात जुईचा छोटा ॲप्रन खुंटीला तसाच लटकत होता.

गणपती झाल्यानंतरच्या एका शनिवारी तो कोल्हापूरला जुईला आणायला गेला. वाटेत कुणाची म्हैस विताना अडली म्हणून थांबला होता, तो दुपार टळून गेल्यावर पोचला. शलाका दारातच उभी होती.

"ही वेळ झाली यायची? पोर सकाळपासून बॅग भरून बसलीय! फोन करता येत नाही? म्हशींना वेळ आहे, मुलीला नाही?"

शेजारच्या खिडक्या उघडल्या. संग्राम मान खाली घालून उभा होता. "चुकलं," तो म्हणाला. "यापुढे कळवत जाईन."

जुई बॅग घेऊन गाडीत बसली. वळणावर गाडी आल्यावर तिने मागे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, आई हल्ली किती ओरडते!"

संग्रामने गाडी कडेला घेतली. डोळे पुसले आणि हसला.

"ओरडू दे गं," तो म्हणाला. "बरी झालीय ती."